सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (जन्म : १२ जानेवारी १९१८, पुणतांबे, अहमदनगर – आता अहिल्यानगर – जिल्हा, मृत्यू : ५ जानेवारी १९८२, मुंबई) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार, पार्श्वगायक, निर्माते आणि काही काळ अभिनेते होते. चित्रपटसृष्टीत ते अण्णा या नावाने परिचित होते. ‘अनारकली’मधील विरहगीते आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ यांमुळे ते सर्वसामान्य श्रोत्यांच्या स्मरणात राहिले. परंतु हिंदी चित्रपटगीताला त्यांनी दिलेले सर्वांत नवे वळण त्यांच्या आरंभीच्या दशकातील, म्हणजे साधारणतः १९४२ ते १९५१ या काळातील, ध्वनिमुद्रिकांत सापडते. अमेरिकी जॅझची झुलती लय, सॅक्सोफोन, ट्रम्पेट व क्लॅरिनेट ही वाद्ये आणि बोलण्याच्या ढंगातले गायन या काळात त्यांनी चित्रपटगीतात रुजवले. ही वाद्ये वाजवणारे वादक मुंबईतील हॉटेलांच्या वाद्यवृंदांतून आलेले होते. त्यांची नावे तबकडीवर क्वचितच छापली जात. म्हणून रामचंद्रांचे चरित्र या वादकांचा उल्लेख केल्याशिवाय पुरे होत नाही.

बालपण आणि शिक्षण

गोदावरीकाठचे पुणतांबे हे चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले गाव दौंड–मनमाड लोहमार्गावर आहे. रामचंद्रांचा जन्म येथे झाला. त्यांचे संगीतशिक्षण नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले. म्हणजे पुढे ज्यांच्यावर पाश्चात्त्य संगीताच्या आहारी गेल्याचा आरोप झाला, त्या रामचंद्रांची मूळ तालीम विष्णू दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतील शास्त्रोक्त गायनाची होती. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या उडत्या चालींतही स्वर इतका नेमका का लागतो, हे उमजते.

पडद्यावरून पेटीकडे

बोलपटाच्या प्रारंभकाळात गाता येणाऱ्या तरुणास नायकाची भूमिका मिळणे अशक्य नव्हते. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात रामचंद्रांना तशी संधी मिळाली, पण चित्रपट चालला नाही. पुढे सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ‘सईद-ए-हवस’ (१९३६) आणि ‘आत्मतरंग’ (१९३७) या चित्रपटांत त्यांनी किरकोळ भूमिका केल्या. अभिनयात भवितव्य दिसेना, तेव्हा त्याच संस्थेतील संगीतकारांच्या हाताखाली ते पेटीवादक म्हणून काम करू लागले.

ही वरकरणी पदावनती त्यांना उपकारक ठरली. संगीतकाराच्या खोलीत पेटीवाल्याचे स्थान मोक्याचे असते. चाल जुळताना पहिला स्वर तोच धरतो, गायकाला तोच शिकवतो, आणि संगीतकार विसरला तर चाल त्याच्याच बोटांत शिल्लक राहते. रामचंद्रांनी हा धंदा खालच्या पायरीपासून पाहिला. याच काळात, १९४० साली, सरकारी नभोवाणीने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले. चित्रपटांच्या तालीमखोल्यांतून मात्र पेटी हलली नाही.

संगीतकार म्हणून त्यांना पहिली कामे मिळाली ती तमिळ चित्रपटांची. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ (१९४१) हे ते चित्रपट होत. दोहोंशी मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, यांचा संबंध होता. भगवान यांच्याच ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटाने रामचंद्र हिंदीत संगीतकार म्हणून स्थिर झाले. आरंभी ते राम चितळकर, अण्णासाहेब, श्यामू अशा निरनिराळ्या नावांनी संगीत देत. अखेरीस सी. रामचंद्र हे नाव टिकले. मराठी रीतीने शेवटी येणारे आडनाव येथे आद्याक्षर होऊन पुढे आले, त्यामुळे हा संगीतकार दाक्षिणात्य असावा असा समज महाराष्ट्राबाहेर अनेकांचा होत असे. गायक म्हणून मात्र ते चितळकर या नावानेच गात. त्यामुळे एकाच तबकडीवर संगीतकार आणि गायक या दोन वेगळ्या व्यक्ती वाटाव्यात, असा प्रकार घडे.

मुंबईतील जॅझची पार्श्वभूमी

रामचंद्र मुंबईत धडपडत होते, त्याच सुमारास शहराच्या दक्षिण टोकाला एक वेगळेच संगीत वाजत होते. १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद आला. त्यामागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तेथे आपला जम बसवला.

वेदरफोर्ड (१९०३–१९४५) हे स्ट्राइड शैलीचे पियानोवादक होते. मराठी वाचकाला ही शैली पेटीच्या तुलनेने सहज कळेल. पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो, सुरावट एकट्या उजव्या हाताची. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात. स्ट्राइडमध्ये डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला खर्जातला स्वर देतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला उडी मारून मध्यसप्तकातला स्वरगुच्छ वाजवतो. ही ये-जा अखंड चालते. म्हणजे डावा हातच एका अर्थी ठेका धरतो, आणि उजवा हात त्यावर हवा तसा खेळतो. जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ही शैली वाढवली. वेदरफोर्ड यांनी ती शिकागोमार्गे पूर्वेकडे आणली. शिकागोत मे १९२६ मध्ये अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदासोबत त्यांचे जे ध्वनिमुद्रण झाले, त्यात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होते. त्याच वर्षी वेदरफोर्ड आशियाकडे निघाले. मधल्या काही वाऱ्या सोडल्या तर शांघाय, मुंबई, कोलंबो व कोलकाता यांसारख्या शहरांतच त्यांचे उरलेले आयुष्य गेले. १९३६ साली मुंबईत ‘रेक्स’ या नाममुद्रेखाली स्मिथ यांच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले, त्यात पियानोवर वेदरफोर्ड होते. यांतील एक रचना ताजमहाल हॉटेलाच्याच नावाची होती. २५ एप्रिल १९४५ रोजी कोलकात्यात कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला.

अशा हॉटेलांतील नाचाच्या दालनांत सामान्य मराठी माणसाची ये-जा नव्हती. तेथील संगीत शहरात पसरले ते वादकांच्या मार्फत. अमेरिकी कलावंतांच्या शेजारी बसून वाजवणारे आणि ते गेल्यावर त्यांच्या जागा घेणारे बहुसंख्य वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवायला शिकवले जाई. कागदावरचे संगीत समोर ठेवून लगेच वाजवणे हे त्यांचे बळ होते. हिंदुस्थानी पद्धतीत वाढलेल्या चित्रपट-संगीतकारांना नेमके तेच येत नसे. हॉटेलातला पगार हंगामी होता, स्टुडिओत काम वाढत होते. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या नाचगाण्याला उतरती कळा लागली आणि स्टुडिओची वाट अधिकच रुळली.

या वादकांपैकी रामचंद्रांना सर्वांत जवळचे ठरले ते ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ चा, बार्देशातील हळदोणे गावचा. त्यांच्या वादनामुळे आणि मंचावरील वावरामुळे त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. त्यांनी रामचंद्रांचे सहायक म्हणून काम केले. चाल रामचंद्रांची असे, परंतु ती कोणत्या वाद्याने उचलावी, मधल्या तुकड्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांनी एकमेकांना कसे उत्तर द्यावे, स्वरांखाली कोणते स्वरगुच्छ ठेवावेत, हे ठरवण्यात अशा सहायकांचा हात असे. त्यात कोणाचा वाटा किती, हे मोजण्याचे साधन आज उरलेले नाही. तबकडीवर संगीतकाराचेच नाव छापण्याची रूढी होती आणि ती सर्वच संगीतकारांच्या बाबतीत पाळली जाई.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिका

त्या काळातील तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची असे. एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. प्रारंभीचा वाद्यमेळ, मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि त्यांमधील वाद्यांचे तुकडे हे सर्व त्यात बसवावे लागे. गायक व वादक एकाच दालनात एकाच वेळी वाजवत. कोणा एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. या अडचणीत जॅझच्या वादकांची शिस्त उपयोगी पडली. अमेरिकेत त्यांचे संगीतही याच तीन मिनिटांत घडलेले होते. थोड्या वेळात लक्ष वेधून घेणारा आरंभ, नेमक्या आठ मात्रांचा एकल तुकडा, आणि रेंगाळत न बसता केलेला शेवट हे गुण रामचंद्रांच्या गीतांत उतरले ते बहुधा याच मार्गाने.

अमेरिकी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या संगीताचा आपल्यावर प्रभाव असल्याचे रामचंद्रांनी कधी लपवले नाही. गिटार, माउथ ऑर्गन आणि आल्टो सॅक्सोफोन यांचा त्यांनी केलेला मेळ त्या काळी कानाला नवा होता. फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटातील ‘आना मेरी जान’ या विनोदी गीतात त्यांनी शिटीचाही उपयोग केला. पी. एल. संतोषी यांच्या या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. संगीताच्या नावाखाली चाललेला हा पोरखेळ आहे, अशी टीकाही याच गीतापासून सुरू झाली.

‘पतंगा’ (१९४९) मधील रंगूनच्या दूरध्वनीचे द्वंद्वगीत शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी गायिले आहे. त्याची गंमत चालीइतकीच उच्चारात आहे. दोन माणसे फोनवर बोलत असावीत तसे शब्द येतात, तान नाही, मुरकी नाही. शास्त्रोक्त तालमीतून आलेल्या गायकाने शिकलेले सारे बाजूला ठेवून असे साधे गाणे, हे वाटते तितके सोपे नसते. चितळकरांचा आवाज फार पल्लेदार नव्हता. त्यांनी तो नाटकी न करता हलका ठेवला, म्हणून तो या गीतांना शोभला.

‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे गीत अतिशय गाजले. त्याची चाल एडमुंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या एका लॅटिन ढंगाच्या इंग्रजी गीतावरून घेतलेली आहे. उसनवारीचा मुद्दा निघाला की हेच उदाहरण पुढे केले जाते, आणि ते रास्तही आहे. मात्र रामचंद्रांचे कर्तृत्व पाहायचे तर अशा उचललेल्या चालींपेक्षा, जेथे लय परकी असून सुरावट पूर्णतः इथली आहे, ती गीते ऐकावीत. ती गीते ‘अलबेला’त भेटतात.

अलबेला

‘अलबेला’ (१९५१) ही भगवान आणि रामचंद्र यांच्या मैत्रीची कमाई होय. तोवर भगवान कमी खर्चाच्या मारधाडपटांसाठी ओळखले जात. ‘अलबेला’त त्यांनी गीता बाली यांना नायिका म्हणून घेतले आणि चित्रपटाचा सारा भार गीतांवर टाकला. गीते राजेंद्र कृष्ण यांची होती. बहुतेक गीते लता मंगेशकर आणि चितळकर यांनी गायिली.

‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा संच वापरलेला आहे. ठेका क्युबाच्या नाचाकडे झुकतो, वाद्यांची बोली जॅझची आहे, आणि मुखडा मात्र कोणत्याही मराठी मेळ्यात गाता यावा असा सुटसुटीत. त्यावर भगवान यांनी हात आणि खांदे किंचित हलवत केलेला संथ नाच पुढे पिढ्यान्‌पिढ्या गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत अनुकरला गेला. याच चित्रपटात एके ठिकाणी चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावर वाजवताना दिसतात. एरवी पडद्यामागे राहणाऱ्या वादकांना असे समोर आणणे त्या काळी दुर्मीळ होते. चित्रपटातील या काही क्षणांचे मोल म्हणूनच अधिक आहे.

त्याच ‘अलबेला’त ‘धीरे से आजा री’ ही अंगाईही आहे. ट्रम्पेटच्या गलबल्यानंतर ती इतकी शांत येते की दोन्ही एकाच संगीतकाराची आहेत हे पटवून घ्यावे लागते.

१९५२ च्या ‘शिन शिनाकी बुबला बू’नंतर या ढंगाचे शिखर गाठले ते ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ने. संगीताच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी गणतीवरून हे गीत सुचल्याचे सांगितले जाते. रामचंद्र आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी एकेक निरर्थक शब्द जोडत ते वाढवले. मला नको, अशा अर्थाचे दोन कोंकणी शब्द गोम्स यांनी त्यात बेमालूम मिसळले. जॅझमध्ये गायक अर्थहीन अक्षरांनी वाद्यासारखे गातो, त्याला स्कॅट म्हणतात. आपल्याकडे तराण्यात अर्थहीन अक्षरे शतकानुशतके गायिली गेली आहेत, त्यामुळे तराणा शिकलेल्या संगीतकाराला हा प्रकार अगदीच परका वाटला नसावा. हे गीत किशोर कुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजांत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झाले.

टीका आणि आकाशवाणीचे धोरण

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात आणि त्यांत पाश्चात्त्य अनुकरण फार आहे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर ही गीते सरकारी नभोवाणीवर पुन्हा ऐकू येऊ लागली. केसकरांच्या आक्षेपाचे लक्ष्य एकटे रामचंद्र नव्हते. तरीही त्यांची झुलत्या लयीची गीते या वादात ठळकपणे पुढे येत.

या टीकेला त्यांनी वादविवादाने उत्तर दिले नाही. ‘अनारकली’ (१९५३) मध्ये त्यांनी बागेश्रीसारख्या रागावर आधारलेल्या चाली दिल्या आणि लता मंगेशकरांच्या आवाजातील आर्तता पुरेपूर वापरली. ‘आझाद’ (१९५५) आणि व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ (१९५९) व ‘स्त्री’ (१९६१) या चित्रपटांचे संगीतही लोकप्रिय झाले. याच ओघात त्यांनी निर्मितीत उडी घेतली. न्यू साई प्रॉडक्शन्स या संस्थेतर्फे १९५३ पासून ‘झांझर’, ‘लहरें’ व ‘दुनिया गोल है’ हे चित्रपट निघाले, परंतु त्यांपैकी एकही विशेष यशस्वी ठरला नाही.

उत्तरकाळ

चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर कवी प्रदीप यांनी लिहिलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’ या गीतास रामचंद्रांनी चाल दिली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत लता मंगेशकरांनी ते गायिले. बिगरफिल्मी असूनही हे गीत रामचंद्रांची सर्वाधिक ऐकली गेलेली रचना ठरले.

साठच्या दशकात हिंदी चित्रपटांत नव्या संगीतकारांचा जोर वाढला आणि रामचंद्रांकडील काम घटले. ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटांचे संगीत त्यांचे आहे. ‘घरकुल’मध्ये सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’ या गीताला त्यांनी दिलेली चाल आशा भोसले यांच्या आवाजात आजही ऐकली जाते. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’ या गीतमालेसही त्यांनी संगीत दिले.

चिक चॉकलेट १९६७ मध्ये निवर्तले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे रामचंद्रांचे मराठी आत्मचरित्र १९७७ साली प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, मुंबईत त्यांचे निधन झाले. भगवान यांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ साली आला, त्यात विद्या बालन यांनी गीता बालींची भूमिका केली आणि ‘अलबेला’तील नृत्यगीते नव्याने चित्रित झाली.